फुटपट्टीने मोजलेले दोन खांब

माझी मुलगी प्रयोगशाळेत मायक्रोआरएनएवर काम करते. मुलुंडच्या घरी जेवताना तिने एकदा मला ते समजावलं. पेशीत प्रथिन बनवण्याचे निरोप फिरत असतात. मायक्रोआरएनएचा चिमुकला तुकडा अशा निरोपाला चिकटतो आणि प्रथिन बनणं रोखतो. काही कॅन्सरमध्ये हा तुकडा कमी पडतो, मग पेशींना वाढवत नेणारं प्रथिन मोकाट सुटतं. तोच तुकडा बाहेरून दिला तर? तिने आलेखाचा कागद पुढे सरकवला. दोन खांब, आधीचा आणि नंतरचा.

ती कामावर गेल्यावर मी दोन्ही फुटपट्टीने मोजले. मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. पहिला बारा सेंटिमीटर, दुसरा तीन.

रविवारी कागद घेऊन घाटकोपरला थोरल्या बहिणीकडे गेलो. तिच्या स्तनाच्या कॅन्सरच्या चार केमो झाल्या होत्या, दोन उरल्या होत्या.

"ताई, पोरीच्या औषधाने रोग चौथाईवर येतो. मी मोजलंय."

पाचव्या केमोला ती गेलीच नाही. आम्हाला कळलं ते तिने माझ्या मुलीला फोन केला तेव्हा. "तुझं औषध कधी येतंय गं? मी थांबलेय."

फोन ठेवून मुलगी माझ्यासमोर उभी राहिली. "बाबा, आलेखाखाली काय लिहिलंय ते वाचलंस?"

मी वाचलं नव्हतं.

"प्रयोगशाळेत प्लेटमध्ये वाढवलेल्या पेशी आहेत त्या. आणि खांब प्रथिनाचा आहे, गाठीचा नाही! हा तुकडा रक्तात टिकत नाही, नेमका गाठीत पोचवता येत नाही. एकटा कितीतरी निरोप अडवतो, त्यात चांगलेही असतात. औषध होईल की नाही, मलाच माहीत नाही."

आकडा कशाचा आहे ते आधी बघा, असं ऑफिसात मी सगळ्यांना ऐकवत असे.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ताईकडे गेलो आणि उंबऱ्यातच सगळं सांगितलं.

"गधड्या, तू मोजलंस म्हटल्यावर मी आणखी कुणाला विचारणार होते?"

मग तिने कपाटातून फाइल काढली. माझा कागद तिने त्यात रिपोर्टांच्याही वर लावला होता.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, "अकरा दिवस उशीर का?"

मी तोंड उघडायच्या आत ताई म्हणाली, "पोट बिघडलं होतं."

डॉक्टरांनी तसंच लिहून घेतलं. मी शेजारीच बसलो होतो. ते दुरुस्त करायला माझं तोंड उघडलं नाही.