चौकशीच्या खिडकीतल्या बाई

परळच्या त्या कॉलेजात चौकशीच्या खिडकीत एक बाई होत्या. नाव मी विचारलं नाही. काचेतून ऊन त्यांच्या गजऱ्यावर पडलेलं, आणि बोलताना त्या टेबलावर असा हात फिरवत, जणू पोर निजवतायत.

नात गावाकडे दोन वर्षं कॉलेज शिकून माझ्याकडे आली होती. ती वर्षं फुकट जाणार म्हणून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. मी चौथी शिकलेला, तरी तिला मागे ठेवून पुढे झालो.

"आम्ही दुसऱ्या गिरणीत गेलो की पुन्हा बदली कामगार, कुणी गैरहजर असला तरच काम. जुनी नोकरी पाण्यात. हिचंही तसंच काय?"

"नाही हो आजोबा. विषय जुळले की जुने क्रेडिट धरतात. शिकलेलं माणसाबरोबर येतं. लायब्ररीत अर्धवेळ कामही मिळेल. पण तिला बोलू द्या ना!"

मला ते लागलं. बाकावर जाऊन बसलो. वर पंखा गिरणीतल्या कापड विणायच्या साच्यासारखा खडखडत होता. डोळा कधी लागला कळलंच नाही.

नातीनं हलवलं. "आजोबा, दोन्ही वर्षं धरणार! आणि झोपेत हे हात कसले करताय?"

बघतो तर माझी बोटं तुटलेल्या धाग्याला गाठ मारत होती. गिरणी जाऊन जमाना झाला. खिडकीत बाईंचा हात पुढच्या पोरासाठी टेबलावर फिरत होता.