हरकतकाकांचा बाप्तिस्मा

चर्चच्या सभेत कुठलाही ठराव आला की तिसऱ्या बाकावरून एक हात वर जायचा आणि आवाज यायचा, "माझी एक हरकत आहे." म्हणून त्या प्लंबरला सगळी मंडळी हरकतकाका म्हणायची. छताला रंग कोणता द्यायचा इथपासून ते एक देव तिघांत कसा मावतो इथपर्यंत, काकांची हरकत नाही असा विषय नव्हता. स्वभावाला औषध नाही, दुसरं काय!

पण त्यांची खरी हरकत स्वतःच्या बाप्तिस्म्यावर होती. तो झाला बायकोबरोबर, लग्नानंतर. चर्चच्या मागच्या हौदात दोघं शेजारी-शेजारी उभे राहिले आणि तेव्हाच्या पाळकांनी एकामागोमाग त्यांना पाण्यात बुडवून वर काढलं. काकांचा दोस्त रंगारीही त्याच दिवशी भिजला. सगळं यथासांग पार पडलं. आणि पुढच्याच वर्षी त्या पाळकांनी एका रविवारी उपदेशाच्या जागी कबुली दिली, की आपला देवावरचा विश्वास केव्हाच उडालाय, बरीच वर्षं आपण नुसती नोकरी करतोय. झगा घडी करून खुर्चीवर ठेवला, सगळ्यांची माफी मागितली आणि गेले. पुढे त्यांनी गाद्यांचं दुकान काढलं. चांगलं चालतं म्हणे.

मंडळी हादरली, रडली आणि नवीन पाळक आणून मोकळी झाली. काका मात्र तिथेच अडकले.

"ज्याला देवच नव्हता, त्याने आम्हाला कुणाच्या नावाने बुडवलं?" त्यांनी नव्या पाळकांना विचारलं.

"बाप्तिस्मा देवाचा असतो, पाळकाचा नाही," पाळकसाहेब म्हणाले. "पाणी यायला नळ जोडणाऱ्याचा पाण्यावर विश्वास लागतो का?"

"लागतो," काका म्हणाले. "नाहीतर तो जोड पक्का करत नाही."

झालं! मग काकांनी पुन्हा बाप्तिस्मा मागितला. पाळकसाहेब म्हणाले, माणसाचा बाप्तिस्मा एकदाच होतो. काका म्हणाले, तो एकदाच अजून व्हायचाय. दोघंही हटेनात. त्या दिवसापासून काकांनी प्रभुभोजन सोडलं; बाप्तिस्मा न झालेल्याने येशूच्या आठवणीची ती भाकर आणि पेला घ्यायचा नसतो. दर रविवारी येत, गीतं खड्या आवाजात म्हणत, हौद गळला तर फुकट दुरुस्त करत. पण भाकरीचं ताट आलं की ते बायकोपुढे धरत आणि स्वतः हात लावत नसत. त्यांचं ऐकून रंगाऱ्यानेही सोडलं. त्याला डोक्याला ताप नकोच होता.

काकू निमूटपणे आपला तुकडा घ्यायच्या. "ह्यांच्या डोक्यात भुंगा शिरलाय," एवढंच म्हणायच्या.

मग काकूंनी अंथरूण धरलं. डॉक्टरांनी काकांना बाहेर बोलावून काय ते स्पष्ट सांगितलं. त्या संध्याकाळी काका उशाशी बसून औषधाच्या बाटलीचं झाकण उघडत होते, तेव्हा काकू म्हणाल्या, "अहो, एक विचारू? तुमचं म्हणणं खरं असेल, तर माझाही नाही ना झाला?"

काकांच्या हातातलं झाकण पलंगाखाली गेलं. इतकी वर्षं त्यांनी हा मुद्दा सगळ्या बाजूंनी तपासला होता; ही बाजू राहून गेली होती. ती घाबरली होती, आणि घाबरवलं होतं त्यांनीच.

"बाप्तिस्मा देवाचा असतो, पाळकाचा नाही," ते घाईघाईने म्हणाले.

"हे पाळकसाहेबांचं झालं. तुमचं सांगा."

काका झाकण शोधायला पलंगाखाली वाकले.

दुसऱ्या दिवशी ते पाळकांना घेऊन आले. पाळकसाहेबांनी पलंगाजवळच्या स्टुलावर रुमाल पसरला, भाकर आणि पेला ठेवला, प्रार्थना केली आणि तुकडा काकूंपुढे धरला. काकूंनी तोंड मिटून घेतलं.

"आधी ह्यांना," त्या म्हणाल्या.

पाळकसाहेबांनी हात काकांकडे वळवला आणि, शहाणा माणूस, एक शब्दही काढला नाही. काकांनी तुकडा घेतला. सावकाश चावला. पेल्यातला घोट घेतला. काकू सगळं नीट बघत होत्या. काकांनी गिळल्याची खात्री झाल्यावर काकूंनी तोंड उघडलं.

त्याच आठवड्यात काकू गेल्या, झोपेतच.

पुढच्या प्रभुभोजनाला ताट आलं, काकांनी तुकडा घेतला आणि मान खाली घालून खाल्ला. मागच्या बाकावरचा रंगारी बघतच राहिला. उपासना संपल्याबरोबर त्याने काकांना पायरीवरच गाठलं.

"फिरलास होय रे? एवढी वर्षं मला उपाशी ठेवलंस! आपला बाप्तिस्मा खोटा, हे कोण सांगत होतं?"

"मीच."

"मग?"

"आपला असेल खोटा," काका म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी पुसलेही नाहीत. "तिचा खरा होता. त्यावर कुणाची हरकत मी ऐकून घेणार नाही. आणि पाणी तर एकच होतं. आता बस विचार करत."