बराबर बुझाव!

किस्से काजळीवानी असतात. रोज झाडा, रोज साचतात. माझी हाडं झाडून झाडून थकली, पण जालन्याजवळच्या त्या डाकबंगल्यातली काजळी अजून सरंना. ऐका मंग.

निजामाचं राज होतं. मी बंगल्याचा फर्रास, म्हणजे झाडू मारणारा अन् जाळ घालणारा. दिवाणखान्याच्या भिंतीत गोऱ्यांनी बांधलेली अंगीठी होती. धुराड्यात लोखंडी झडप, तिची कडी बाहेर. लाकूड पेटवताना झडप उघडायची, निखारे झाले की अर्धी लावायची, राख गार झाली की बंद. न्हाईतर खोलीतली ऊब धुराड्यातनं पळती अन् गार वारा आत घुसतो. एवढंच शास्त्र! दुसरीत तीनदा बसलेल्या मला कळलं, बाकी बंगल्याला शेवटपर्यंत कळलं न्हाई.

*

खानसामा करीमचाचा मोठे हुशार. दौऱ्यावर मुक्कामाला येणारे मोहतमीमसाहेब, म्हणजे खात्याचे मोठे अधिकारी, यायच्या आत खोली तापावी म्हणून त्यांनी जाळ केला अन् लगेच झडप बंद! म्हणाले, "गर्मी का दरवाजाच बंद कर दिया!"

साहेब आत गेले, अन् खोकत, डोळे पुसत बाहेर पळाले. झडपेची ड्यूटी चौकीदार सखारामची. साहेबांनी त्यालाच धरलं, "दुबारा गडबड हुई तो छुट्टी!"

सखारामची बायको दिवसांत होती, अन् ऱ्हायची खोली नोकरीचीच. गड्याचं तोंड राखेसारखं झालं.

*

त्या दिवसापासून सखारामनं झडप लावणंच सोडलं. गाडीभर लाकूड जळायचं अन् साहेब अंगीठीपुढं कोट-मफलर घालून कुडकुडायचे. एकदा वैतागले, "सखाराम, ये आग किसके वास्ते जलाया रे?"

"कावळ्यांसाठी, हुजूर."

खोटं न्हाई. धुराड्याच्या कडेला ओळीनं बसून शेकत होते!

*

ह्या सगळ्याच्या आधीची गोष्ट. नव्या माळ्यानं इचारलं, "ही कडी कशाची?"

मी म्हणलं, "डोकं आत घाल अन् 'उघड' म्हण. आपोआप उघडती."

त्यानं म्हणलं. मी कडी ओढली. सालभराची काजळी! बाहेर आला तवा नुसते दात वळखू येत होते. पण त्याला धुवायला आडाचं पाणी कोणी शेंदलं? मीच! अठरा बादल्या. मस्करी करणाऱ्याचे हाल कुणी बघत न्हाई.

*

जुन्या जालन्यातले एक मारवाडी शेटजी साहेबांना भेटाया आल्ते. बराच वेळ धुराड्याकडं बघत ऱ्हायले. निघताना माझ्या कानात म्हणाले, "अरे, आभाळ तापवून राह्यले तुमी. कधी तापंल ते?"

*

मंग ती सकाळ. साहेब भोकरदनकडं निघाले. अंगीठीत निखारे तसेच होते. मोटारीत बसता बसता म्हणाले, "सखाराम, अंगीठी बुझाव. बराबर बुझाव!"

म्हणजे विझव. पण आमच्याकडं पडका आड बुजवतात, उंदराचं बीळ बुजवतात. सखारामनं ऐकलं ते 'बुजव'. मला कळलं होतं हो! पण मी काही न बोलता चिखल कालवून दिला. त्यानं निखारे बाहेर काढले अन् दुपारपर्यंत विटांनी अंगीठी पार बुजवून टाकली. वरून सारवली बी.

दिवस कलताना साहेब परतले. आत गेले. "ये क्या किया?"

"हुजूर, बराबर बुजवली."

साहेबांनी भिंतीकडं बघितलं. मंग अंगणात आले. तिथं आमची शेकोटी पेटली होती. आम्ही धडपडून उठलो, त्यांनी हातानंच बसा म्हणलं, अन् आमच्यात उकिडवे बसून हात पसरले. मी हात पाठीमागं लपवले. त्या चिखलानं माझे हात अजून भरलेले होते.

वाऱ्याच्या अंगाला बसलेला सखाराम उठला. हात जोडले. "जातो, हुजूर. बायकोला सांगतो सामान बांधाया."

साहेबांनी जाळावरची नजर काढली न्हाई.

"किधर चला? बैठ. तू गया तो उधर से हवा घुसती."