फळ्यावरचा प्रश्न

कामोठ्यातल्या चहाच्या टपरीवर एक काका रोज संध्याकाळी फळ्यावर खडूने एक प्रश्न लिहायचे. सकाळी ज्याचं उत्तर बरोबर, त्याला पेपर पहिला वाचायला. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. मी साताऱ्याकडचा, सातवीत शाळा सोडलेला वॉचमन. चारचौघांत चुकायची धास्ती वाटायची, तरी ते मलाही विचारतात याचं फार अप्रूप होतं.

एकदा प्रश्न होता, समोरच्या बॅनरवरचे साहेब कोणत्या पक्षाचे? हे मला पक्कं ठाऊक होतं. सकाळी सगळ्यांदेखत छातीठोकपणे सांगितलं, तर हशा पिकला.

"ए सातवी नापास, पेपर बघ! साहेबांनी काल रात्रीच दुसऱ्या पक्षात उडी मारली."

काकांनी खडू आपटला. "दात काय काढताय? हा बरोबरच होता, उत्तर पळून गेलं! आपली मतं घेऊन पळालं. आता उद्यापासून फक्त डोंगर आणि नद्या. त्या तरी रातोरात जागा सोडत नाहीत."

टपरीवाली ताई इथल्याच जुन्या गावची. चहा गाळता गाळता म्हणाली, "कंचा डोंगर, काका? इमानतलासाठी आमचा डोंगर कापला, नदी वलवली. आमाला कुनी इचारला?"

काकांनी बाहीने फळा पुसला, इतक्या जोरात की तो खिळ्यावरून निसटला. मग पेपर माझ्या हातात कोंबला.

"वाच. मोठ्याने वाच."

मी अडखळत अडखळत साहेबांची सगळी बातमी वाचली. या वेळी कुणी हसलं नाही.