संघमित्राची थंडी

"मॅडम, फक्त एवढं सांगा. जाऊ की नको?"

माझ्या दादरच्या क्लिनिकमध्ये संघमित्रा समोर बसली होती. शेजारी तिची आई, शोभाताई. संघमित्राने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता आणि तिला लडाखमध्ये, उंच डोंगरावरच्या एका वेधशाळेत नोकरी लागली होती. दुर्बिणीच्या मशिनरीचा मेंटेनन्स बघायचा. जॉइन सप्टेंबरात व्हायचं, म्हणजे पाठोपाठ हिवाळा.

"नको म्हणून सांगा मॅडम," शोभाताई म्हणाल्या. "इथे नायगावात जरा गार वारं सुटलं तरी हिच्या टाचा फुटून रक्त येतं. तिथे तर नळातलं पाणी गोठतं म्हणे."

डॉक्टर म्हणून माझं उत्तरही आईच्याच बाजूचं होतं.

संघमित्राला मी ती तान्ही असल्यापासून ओळखते. तेव्हा मी परळच्या एका हॉस्पिटलात स्किन डिपार्टमेंटला होते. जन्मली तेव्हा तिच्या अंगावर कांद्याच्या पातीवर असतो तसा पातळ, चकचकीत पापुद्रा होता. तो निघाला आणि खाली खवल्यांसारखी कातडी आली. या आजाराला इक्थिओसिस म्हणतात. आपल्या कातडीचा वरचा थर रोज थोडा थोडा गळून पडतो, आपल्याला कळतही नाही. तिचा गळत नाही, साचत जातो. आजार जन्मजात असतो, तो कोणाला लागत नाही आणि पूर्ण बराही होत नाही. कातडी एवढी जाड, पण गळकी. आतला ओलावा सतत उडून जातो. त्यात घामाची छिद्रं बुजलेली, त्यामुळे अंगातली उष्णता बाहेर पडायला वाट नाही.

म्हणजे मुंबईची दमट हवा तिच्या कातडीला बरी आणि मुंबईचा उकाडा तिच्या जिवावर उठणारा. शाळेत पी.टी.च्या तासाला ती नळाखाली डोकं धरून बसायची. दोन मजले चढली की चेहरा लालबुंद व्हायचा आणि अंग तापायचं. दप्तरात ओला टॉवेल कायम असायचा. तिला पळताना मी कधी पाहिलं नव्हतं, तिच्या आईनेही नाही.

"कोरडी थंडी तुझ्या कातडीची शत्रू आहे," मी म्हटलं. "हे मी तुझ्यापासून लपवणार नाही."

"शत्रू तर मे महिनापण आहे ना मॅडम. दर वर्षी येतो. त्याच्यासाठी कोण विचारतं, राहू की नको?"

मी म्हटलं, "आधी थंडीत उभी राहून बघू. मग ठरवू."

मुंबईत खरी थंडी मिळते माशांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये. शीव कोळीवाड्यातले हेमंत कोळी माझे जुने पेशंट. बर्फात हात घालून घालून त्यांच्या बोटांना एक्झिमा व्हायचा. त्यांना फोन केला.

"डॉक्टरीणबाय, पोरगीला घेऊन बिनधास्त या," ते म्हणाले. "जाड कोट आहेत माझ्याकडे. पण वास सहन करायला लागेल."

जायच्या आधी संघमित्राचं रूटीन बदललं. मुंबईत ती युरियाचं क्रीम वापरायची. त्याने खवले मऊ पडतात, पण फुटलेल्या कातडीवर ते झोंबतं. ते फक्त तळपायांपुरतं ठेवलं. पातळ लोशन बंद केलं, कारण त्यात पाणीच जास्त, कोरड्या हवेत ते उडून जातं. त्याऐवजी पॅराफिनचं घट्ट मलम दिलं. आंघोळीनंतर अंग टिपायचं, पुसून कोरडं करायचं नाही. त्या ओल्या अंगावरच मलम लावायचं, म्हणजे पाणी आत राहतं. बाहेर पडायच्या बरंच आधी ते जिरायला हवं. हिवाळ्यात आपल्या सगळ्यांनाच हे लागू आहे, फक्त तिच्याइतकं कडक नाही.

कोल्ड स्टोरेजचा जाड दरवाजा हेमंतरावांनी ओढून उघडला. आत सुरमईचे क्रेट रचलेले आणि पाइपांवर बर्फाचा पांढरा थर. हवेतला ओलावा सगळा त्या पाइपांवर जाऊन बसतो, त्यामुळे आतली हवा कोरडी असते. आम्हाला तेच हवं होतं. मी आणि संघमित्रा आत गेलो. शोभाताई हेमंतरावांबरोबर दाराशी थांबल्या.

पाचच मिनिटांत माझे दात वाजायला लागले. मी तिचे हात, गाल, पापण्या बघत होते. भेग कुठे पडते, रंग कुठे बदलतो. तिला म्हटलं, "नुसती उभी राहू नकोस, आखडशील. थोडी हालचाल कर."

तिने एक क्रेट उचलला आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला. मग दुसरा. मग तिसरा.

"ताई, ते राहू दे, पोरं करतील," हेमंतराव दारातून ओरडले.

ती थांबली नाही. माझं लक्ष आता तिच्या कातडीवरून उडालं होतं. एवढ्या कामाने एव्हाना तिचा चेहरा लाल व्हायला हवा होता, तिने भिंत धरायला हवी होती. मी तिला थांबवून नाडी धरली. जोरात चालली होती, कोणत्याही कष्ट करणाऱ्या माणसाची चालते तशी. मानेला हात लावला. मान कोमट होती. बस, कोमट.

"मॅडम," ती म्हणाली. तिच्या तोंडातून वाफ येत होती. "मला गरम होत नाहीये."

आणि ती त्या क्रेटच्या रांगांमधून पळाली. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, जाड कोटात, लहान मुलीसारखी. परत आली, परत गेली. घाम येत नाही म्हणून अंग तापतं, हे मी तीस वर्षं विद्यार्थ्यांना शिकवत आले. पण तापायचं थांबलं तर त्या अंगात काय काय शिल्लक असतं, ते मी पहिल्यांदा बघत होते.

दाराशी शोभाताई तोंडावर पदर धरून उभ्या होत्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "बाहेर ये गं आता. मला थंडी वाजते."

बाहेर येऊन आम्ही गाडीत बसलो. मग शोभाताई मला म्हणाल्या, "तिथे डॉक्टर तरी असेल ना मॅडम?"

"जवळ नाही. पण फोनवर मी आहे."

ती गेली. अडचणी लगेच सुरू झाल्या. हिवाळ्यात तिथे पाण्याचे पाइप गोठतात, रोज आंघोळ होत नाही. बोटांच्या सांध्यांवर भेगा पडल्या. ती फोटो पाठवायची, मी रूटीन बदलायचे. आंघोळीऐवजी कोमट पाण्यात पिळलेला सुती कपडा अंगाला गुंडाळायचा, तो काढला की मलम. तिच्या पापण्या नीट मिटत नाहीत, म्हणून डोळ्यांत जेल आणि बाहेर पडताना घट्ट बसणारा गॉगल. बर्फावरचं ऊन भाजून काढतं, म्हणून जाड सनस्क्रीन. मलमाची ट्यूब गोठते म्हणून ती आतल्या खिशात.

एकदा सहज विचारलं, "खोली गरम कशाने करता?"

"बुखारी आहे मॅडम. रॉकेलची लोखंडी शेगडी. मी तिच्याजवळच बसते."

मलमातलं पॅराफिन कपड्यांत मुरतं, आणि अशा कपड्याला ठिणगी लागली तर तो भडकन पेटतो. मी तिला शेगडी विझवायला लावली आणि तिच्या मॅनेजरना फोन केला.

"डॉक्टर, पूरा स्टाफ बुखारी पे चलता है," ते म्हणाले.

मी कपड्यांचं समजावून सांगितलं. मग ते म्हणाले, "इलेक्ट्रिक रेडिएटर है गेस्ट रूम में. आज ही शिफ्ट करवाता हूँ." आणि त्याच दिवशी तो तिच्या खोलीत बसवला.

जानेवारीत एका दुपारी शोभाताई क्लिनिकमध्ये आल्या. अपॉइंटमेंट नव्हती. फोन माझ्या हातात दिला. व्हिडिओ होता, तिच्या कोणा सहकाऱ्याने काढलेला. पांढरा डोंगर, वर वेधशाळेचा घुमट आणि बर्फातून चढणारी संघमित्रा. तिथल्या विरळ हवेत कोणी पळत नाही, तीही पळत नव्हती. पण चढ संपेपर्यंत ती कुठेही थांबली नाही. वर पोचून वळली, गॉगल कपाळावर सरकवला आणि कॅमेऱ्याकडे बघून हसली. मागे नुसतं निळं आकाश.

शोभाताईंनी तो मला पुन्हा दाखवला. बाहेर पेशंट खोळंबले होते. मी तिसऱ्यांदाही बघितला.

संघमित्रा अजून तिथेच आहे. तिची कातडी तिथे मुंबईपेक्षा वाईट असते, भेगांचे फोटो अजून येतात आणि मी मलमं बदलत राहते. कातडीच्या आतला माणूस मात्र मुंबईत होता त्यापेक्षा कितीतरी मजेत आहे. आता कोणी पेशंट नव्या गावाला जाऊ का विचारायला आला, की मी कातडी तपासते आणि मत द्यायच्या आधी तिथे जाऊन तो काय करणार आहे, तेही विचारून घेते.