कान असलेला धागा

मे महिन्यात नागपुरात, उघड्यावर, तलावाच्या काठी कला महोत्सव भरवायचा ही कल्पना ज्याच्या डोक्यात आली असेल त्याला मी आधी मनातल्या मनात हसून घेतलं होतं. दुपारी चारला ज्या पायरीवर बूड टेकवता येत नाही तिच्यावर बसून लोक गाणी ऐकणार म्हणे. पण पहिल्याच संध्याकाळी माझं हसू जिरलं. सहा वाजले, पाण्यावरून वारा सुटला, काठावरच्या फरशीवर टँकरने पाणी मारलं आणि बघता बघता अख्खं नागपूर लेकराबाळांसकट तिथं उतरलं. तिकीट नाही, पास नाही, कोणाची ओळख लागत नाही. एकीकडे मातीची चाकं, एकीकडे बाहुल्यांचा खेळ, मध्ये गोळेवाल्याची गाडी.

आणि गुलमोहराखालच्या मांडवात माझा माग.

मी तीस वर्षं चित्रकला शिकवली. महोत्सव भरवणाऱ्यांमध्ये माझी एक जुनी विद्यार्थिनी होती. तिचा फोन आला, "मॅडम, तुमच्या घरी तो छोटा माग आहे ना, तो घेऊन या." मी लगेच हो म्हटलं. विचार करून हो म्हणण्याची मला सवयच नाही. बेत माझाच होता. मागावर लांब ताणा चढवायचा, म्हणजे उभे धागे. येणाऱ्या प्रत्येक मुलाने आपल्या आवडीचा रंग निवडून धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारी लाकडी नळी, एकदा टाकायचा. एक मूल, एक ओळ. रविवारी शेवटच्या संध्याकाळी ते कापड मागावरून उतरवून काठाच्या कठड्याला बांधायचं आणि ज्याने त्याने आपली ओळ शोधायची. गुरुवारी, पहिल्या दिवशी, मी माइकवरून सगळ्यांना शब्द दिला, "तुम्ही टाकलेला धागा कायम राहील."

आम्ही जातीचे विणकर. बाबांनी चाळिशीपर्यंत लाल काठाची लुगडी विणली. मग यंत्रमाग आले आणि त्यांनी माग विकून इतवारीतल्या कापडाच्या दुकानात नोकरी धरली. तेव्हापासून त्यांनी धोटा हातात घेतला नाही. माझा छोटा मागसुद्धा त्यांनी लांबूनच पाहिला. सवय मात्र एक राहिली. समोर कापड आलं की त्याच्या खालच्या बाजूने बोट फिरवायचं. लग्नात नवरीच्या शालूवरून बोट फिरवून त्यांनी आम्हा सगळ्यांना मान खाली घालायला लावली आहे.

आमच्या घरची रीत अशी की आदल्या दिवशी विणलेलं सकाळी आधी तपासायचं. कुठे धागा ढिला, कुठे ओळ तिरकी, तर तिथपर्यंतचं सगळं उसवायचं आणि पुन्हा विणायचं. ते उसवण्याचं काम मुलांकडे असे. त्यामुळे मी विणायला नंतर शिकले, उसवायला आधी.

आता पोरांनी टाकलेल्या ओळी कशा असणार ते सांगायला नको. कोणी इतकं ओढलं की कापडाची कंबर आवळली, कोणी फणीने ठोकलंच नाही. गुरुवारी एक सहा-सात वर्षांची मुलगी आली. तिने पिवळा धागा घेतला, धोटा टाकला, आणि कडेला सुताचा एक मोठा फास लोंबत राहिला.

मी म्हटलं, "थोडं ओढ गं, बाहेर आलाय."

"राहू द्या ना आजी," ती म्हणाली. "त्याले कान आहे."

शुक्रवारी सकाळी सहाला मी मांडवात पोचले. फिरायला येणारे काठावरून जात होते, चौकीदार चहा पीत होता. मी पाट ओढून बसले आणि आदल्या संध्याकाळच्या साऱ्या ओळी उसवल्या. मग तेच रंग, त्याच क्रमाने, माझ्या हाताने सरळ घातले. पिवळा होता तिथं पिवळा. दीड तास गेला. मला त्यात काही चुकतंय असं वाटलंच नाही, उलट झकास वाटत होतं. चौकीदारही थांबून म्हणाला, "मस्त दिसून राहिलं मॅडम." शनिवारी सकाळी शुक्रवारच्या ओळींचं तेच केलं.

शनिवारी संध्याकाळी ती मुलगी आईचा हात धरून परत आली. तिला तिचा धागा पाहायचा होता. मी गुंडाळलेलं कापड थोडं सोडून पिवळी ओळ दाखवली. तिने वाकून दोन्ही कडा पाहिल्या.

"हा माहा नाही," ती म्हणाली. "माह्याले कान होता."

"तोच आहे गं. ताणात बसला म्हणून सरळ झाला." साठीच्या बाईने सात वर्षांच्या पोरीशी इतक्या सहज खोटं बोलावं, याची मला आजही लाज वाटते. त्या वेळी मात्र मला तिचाच राग आला. मी काय तिचं वाईट केलं होतं?

आई समजुतीच्या सुरात म्हणाली, "जाऊ द्या मॅडम. तिचे बाबा मिहानच्या कंपनीत कामाले आहेत, त्यायले रविवारीच सुट्टी राहते. उद्या कानवाला धागा दाखवतो म्हणून रोज सांगून राहिली त्यायले." मुलगी जाताना दोनदा वळून कापडाकडे बघत होती.

त्या रात्री जेवताना मी बाबांपुढे कापडाची तारीफ केली. मुलीचं काही सांगितलं नाही. बाबा म्हणाले, "उद्या मले ने. पाहतो." मला आनंदच झाला. ब्याऐंशीव्या वर्षी त्यांनी आपणहून मागापाशी यायचं म्हटलं होतं, आणि माझ्या कामाला त्यांनी चांगलं म्हणावं ही माझी हौस लहानपणापासूनची.

रविवारी सकाळी मी त्यांना रिक्षाने नेलं. शनिवारच्या ओळी उसवायच्या बाकी होत्या. बाबांनी चप्पल काढली, मागाला हात लावून नमस्कार केला आणि कापडाच्या खालून बोट घातलं. आधी शनिवारच्या ओळी लागल्या. बोट अडखळत, थांबत पुढे गेलं. मग शुक्रवार-गुरुवारचा भाग आला आणि बोट सरसर घसरत गेलं. बोट परत आलं, पुन्हा गेलं.

"हे लेकराईचं आहे," शनिवारच्या भागावर थाप मारून ते म्हणाले. "अन् हे सारं एकाच हाताचं आहे. तुह्या."

"मग? शिकवलं कोणी?" मी म्हटलं.

ते हसले नाहीत. पाटावर बसले आणि म्हणाले, "लाल दे."

मी लाल सुताची कांडी धोट्यात भरून दिली. चाळीस वर्षांनी बाबांनी धोटा टाकला. तो निम्म्यात अडकला, कारण त्यांचा हात आता थरथरतो. त्यांनी तो बोटाने पुढे ढकलला, धागा ओढला, फणी ठोकली. ठोका मात्र तोच होता, मी झोळीत असल्यापासून ऐकलेला. कडेला लाल सुताचा फास लोंबत राहिला. बाबांनी त्यावरून बोट फिरवलं.

"उसव," ते म्हणाले.

मी धाग्याला हात लावला आणि हात मागे घेतला.

"राहू द्या बाबा."

"काहून?"

"तुम्ही टाकलाय."

"मंग लेकराईचे काहून उसवले वं?" त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "आमचं लुगडं बाजारात जात होतं, म्हणून उसवत होतो. हे कुठी इकायचं आहे?"

मला एवढी साधी गोष्ट सुचली नव्हती. मी तिथंच फरशीवर बसले आणि रडले. बाबांनी रडू दिलं. मग म्हणाले, "चाय सांग."

संध्याकाळी मी माइक हातात घेतला. शब्द देताना घेतला होता, तर तो मोडला हे सांगतानाही घ्यायला हवा, एवढी अक्कल मला आहे. मी म्हटलं, "गुरुवारी आणि शुक्रवारी ज्या मुलांनी धागे टाकले, ते मी उसवले. मला सरळ कापड पाहिजे होतं. चूक माझी. ताणा अजून शिल्लक आहे, तुम्ही पुन्हा टाका." काही लोक हसले. एक बाई चिडून म्हणाली, "माहा पोरगा काल मामाकडे काटोलले गेला. त्याच्यासाठी फोटो काढाले आली मी." तिची माफी मागण्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं. त्या मुलाचा धागा गेला तो गेलाच.

मग रांग लागली. पिवळ्या धाग्यावाली वडिलांच्या खांद्यावर बसून आली. ती माझ्याकडे पाहीना, आणि ते बरोबरच होतं. मी धोटा तिच्या हातात दिला आणि हात मागे बांधून उभी राहिले, कारण माझ्या हातांचा मला भरवसा नव्हता. तिने धागा टाकला, कडेला बोटाभर फास सोडला, नीट तपासला आणि वडिलांना दाखवला. वडिलांनी तो दोन बोटांत धरून पाहिला आणि म्हणाले, "खरंच आहे गा कान."

मग तिची नजर खालच्या लाल ओळीकडे गेली.

"ह्यालेही कान आहे. हा कोणाचा?"

बाबा शेजारी खुर्चीवर बसले होते. वर्गात पोरं करतात तसा त्यांनी हात वर केला. "माहा."

तिने लाल फासावरून बोट फिरवलं, खालच्या बाजूनेसुद्धा. "चांगला आहे," ती म्हणाली.

बाबांनी जन्मभर व्यापाऱ्यांना कापड दिलं. त्या लोकांनी कापडात खोट काढली नाही तर तीच शाबासकी समजायची. आम्हीही कधी चांगलं म्हटलं नव्हतं, घरच्या माणसाला कोण म्हणतं. बाबा मान हलवत राहिले आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसले.

कापड उतरवून कठड्याला बांधलं. पहिला भाग सुतासारखा सरळ, तिथं कोणी थांबत नव्हतं. पुढे जिथून वेडंवाकडं सुरू होत होतं तिथं मात्र पोरांची झुंबड होती आणि जो तो आपल्या ओळीला बोट लावून फोटो काढत होता.

परतताना रिक्षात बाबा म्हणाले, "उद्या किती वाजता यायचं?"

महोत्सव त्या संध्याकाळी संपला होता. मांडव सोडायला सुरुवातही झाली होती आणि माग रात्रीच टेम्पोने घरी येणार होता. मी म्हटलं, "सकाळी सहाला."

माग आता आमच्या पुढच्या खोलीत आहे. रोज सकाळी सहाला तिथून ठोका ऐकू येतो. मी चहा घेऊन जाते, काय विणलं ते पाहते, आणि कशालाही हात लावत नाही.