भरून परत येणारी बाटली

मंडळी, माझी सात वर्षांची लेक गेला महिनाभर शाळेतून आली की चिडते, दप्तर फेकते, भावाला ओरबाडते. माझा संशय मोबाईलवर होता. सासूबाईंचा शेजारणीच्या नजरेवर. त्या रोज दृष्ट काढायच्या.

आज घरी येताच ती संडासाकडे धावली. मी दप्तरातली पाण्याची बाटली काढली. भरलेली होती. रोजच तशी येते. आमच्या लातुरात नळाला आठवड्यानं पाणी येतं, म्हणून आम्ही कौतुक करायचो : लेक पाणी वाचवते.

“शाळेत पाणी का पीत न्हाईस गं?”

“पिलं की जावं लागतंय. तिथं दाराला कडी न्हाई.”

“बाईंना सांगितलंस?”

“हाव. लई नखरे हायेत तुझे, म्हणल्या.”

दृष्ट काढायला आलेल्या सासूबाईंनी मुठीतलं मीठ परत बरणीत टाकलं.

कडी कधीपासून नाही, हे विचारायला उद्या शाळेत जाणार आहे. तुमच्या लेकराची बाटली किती भरलेली परत येते?